हिडकलच्या पाण्यासाठी नवं इंजिन: बोटीच्या कामाच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2025, रविवार

इंजिन गेलं. हिडकल धरणाच्या पाण्यात अगदी मधोमध, काठ दोन्हीकडून सारखाच लांब.

आधी बोटीबद्दल. तेरा फुटी फायबरची बोट, तळ सपाट, गोव्यात बांधलेली. रविवारी दोघं-तिघं गळ टाकायला जातो. कटला, रोहू, नशीब असेल तर मरळ. विकण्यासाठी नाही, घरच्या कढईपुरतं. मागं आठ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक जपानी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन, होतं. माझ्याकडं अकरा वर्षं आणि आधीच्या मालकाकडं किती ते त्यालाच माहीत.

आज सकाळी निघताना इंजिन थंड करून मागं बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक दिसत होती. दिसत होती, हे मान्य करतो. चुलत भाऊ म्हणाला पण, "धार कमी हाय बघ." मी म्हटलं, कचरा असंल, जाईल. वीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज जड झाला, टोपणाखालून वास आला आणि गप्प झालं. वल्ही मारत काठाला यायला दोन तास दहा मिनिटं. काठावर जाळं सोडवत बसलेल्या आबांनी एकच विचारलं, "इंजन पाणी पिईना झालंय तर तू पळवूलास कशाला?"

ह्याला उत्तर नव्हतं.

5 फेब्रुवारी

बेळगावात उद्यमबागेतल्या मेस्त्रींकडं इंजिन उघडलं. ते पंप आणि लेथवाले, आउटबोर्डचे नव्हेत, पण हात चांगला.

पाण्याच्या पंपाचं रबर, म्हणजे इम्पेलर, त्याच्या सहापैकी चार पाती गायब. ती कुठं गेली? वरच्या पाण्याच्या वाटेत जाऊन बसली. पिस्टनवर उभ्या ओरखड्यांची नक्षी. गिअरचं तेल काढलं तर चहासारखं, दूध जास्त झालेल्या. म्हणजे पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याचं सील कधीच गेलंय, पाणी आत जात होतं आणि बेअरिंग खडखडतंय.

इम्पेलर कशानं गेला तेही सांगून टाकतो. दिवाळीत अनगोळच्या घराच्या अंगणात पाव्हण्यांना दाखवायला इंजिन कोरडं चालू केलं होतं. "दोनच मिनिटं." ह्या रबराला वंगण पाण्याचंच, कोरडं फिरलं की मिनिटाभरातच ते करपायला लागतं. अंगणात चालू करायचंच असेल तर इंजिनाचा पाय, म्हणजे खालचा पंख्याकडचा भाग, पाण्याच्या पिंपात बुडवून करा, नाहीतर पाणी घेण्याच्या जाळीला लावायचे कानपट्टीसारखे पाइप मिळतात ते लावा. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

दुरुस्तीचा अंदाज: पिस्टन, रिंगा, सील, बेअरिंग, पिनियन धरून 38,000, तेही भाग मिळाले तर. मेस्त्री म्हणाले, "करतो की, पण पुढच्या वर्षी परत येशीला." उघडण्याची मजुरी 1,200. नवं घ्यायचं ठरलं.

9 फेब्रुवारी, रविवार

किती हॉर्सपॉवर घ्यायचं ह्यावर घरात तीन मतं. भावाला पंधरा हवं. त्याचं बुलेटचं गणित आहे, मोठं तेच चांगलं.

छोट्या बोटींसाठी अमेरिकन कोस्ट गार्डचा एक साधा हिशेब आहे. बोटीची लांबी फुटांत आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत, दोन्हींचा गुणाकार करायचा. 35 पर्यंत 3 हॉर्सपॉवर, 36 ते 39 ला 5, 40 ते 42 ला साडेसात, 43 ते 45 ला 10, 46 ते 52 ला 15. आणि तळ सपाट, कडा टोकदार असतील तर एक पायरी खाली. आमची 13 फूट गुणिले 3 फूट 8 इंच, म्हणजे 47.7. तक्ता म्हणतो 15, सपाट तळासाठी एक पायरी खाली, म्हणजे 10. भाऊ दोन दिवस बोलला नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. हिडकलचं धरण भरलं की पाण्याची पातळी 2,175 फूट. समुद्रापेक्षा इथं हवा विरळ, दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी उतरते. म्हणजे गोव्यात जे इंजिन दहाचं काम करतं ते इथं सव्वानऊच्या आसपास करतं. फार नाही, पण पंखा निवडताना हे पुढं आडवं आलं, तेव्हा इथंच लिहून ठेवतो.

16 फेब्रुवारी, रविवार

एका मित्राची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर मागून आणली, 55 पौंड जोराची. आवाज नाही, धूर नाही, मासे बुजत नाहीत. पहिला तासभर मी इंजिन वगैरे विसरूनच गेलो होतो.

मग दुपारी पश्चिमेचा वारा उठला. पूर्ण वेगाला ही मोटर 50 अँपिअरच्या आसपास ओढते. आमच्याकडं इन्व्हर्टरची 100 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी. कागदावर दोन तास. पण शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य जातं, म्हणजे हिशेबाचा एकच तास. वाऱ्याच्या तोंडाला परत येताना शेवटचा अर्धा किलोमीटर परत वल्ही. लिथियम बॅटरी घेतली तर काम होईल, पण बॅटरीची किंमत ऐकून मित्रानं स्वतःच विषय बदलला.

काठाला गळ टाकत हळू सरकायला ही मोटर उत्तम. तीन-चार किलोमीटर जाऊन यायला नाही.

लांब दांड्याचं, पाण्याच्या पंपाच्या इंजिनावर बसवलेलं यंत्रही पाहिलं. हवेनं थंड होणारं, इम्पेलरची भानगडच नाही, आणि चिखलात, गवतात कुठंही चालतं. दुरुस्ती प्रत्येक गावात. पण दोन मीटरचा दांडा मागं घेऊन तीन माणसं आणि गळ ह्या बोटीत बसत नाहीत, आणि आवाज म्हणजे उसाच्या शेतातला पंपच मांडीवर.

23 फेब्रुवारी, रविवार

चोर्ला घाटानं गोव्याला. पहाटे पाचला निघून साडेआठला पोचलो, घाटातल्या रस्त्याबद्दल काही बोलत नाही.

जेटीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये वापरलेलं 9.9 चं टू-स्ट्रोक मिळालं. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं सारखं, गिअर तेल स्वच्छ, पिंपात घातलं तर दुसऱ्या ओढीला चालू. 78,000 सांगितले. पंधरा दिवस चालवून बघायचं म्हणून 5,000 बयाणा दिला आणि जीपमध्ये टाकलं. लांब पायाचं होतं, वीस इंची. विकणाऱ्यानं दोनदा विचारलं, "फळी किती इंच उंच?" मी छातीठोकपणे सांगितलं, साडेसतरा. पंधरा आणि वीसच्या मध्ये. मोठं घेतलेलं बरं, पाण्यात खोल राहील, हा माझा विचार.

जो पुढं वाचतोय त्यानं इथंच थांबून आपली फळी मोजावी.

25 फेब्रुवारी

आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, मोजायचा छोटा मीटर कोल्हापूरच्या मित्रानं बसनं पाठवला होता. दोन दिवसांपासून सीमेवर दोन्हीकडच्या बसगाड्या बंद. मीटर कोल्हापूरलाच. आमच्या भागात असं पार्सल अडकणं नवं नाही, पण त्यामुळं पहिली चाचणी मीटरशिवाय करावी लागली.

2 मार्च, रविवार

चाचणी. मोबाइलवर वेग बघत होतो. जुनं आठचं इंजिन दोन माणसांना ताशी सतरा किलोमीटर न्यायचं. हे 9.9 चं इंजिन पूर्ण खेचून चौदा! मागचा भाग पाण्यात बसलेला, पुढचा वर, आणि इंजिनाच्या पायावर पाणी आपटून बोटीत तुषार.

परत येताना काठापासून साठ-सत्तर मीटरवर खणकन आवाज आला. फेब्रुवारी-मार्चला पाणी उतरायला लागलं की खालची जुनी शेतं वर येतात, त्यांचे दगडी बांध जागच्या जागी आहेत. हुन्नूरचं पाण्यात गेलेलं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, फोटो काढायला गर्दी होते. पण देवळाच्या आधी हे बांध पंख्याला भेटतात. त्या जागेवरून जुनं इंजिन शेकडो वेळा गेलं होतं. हे पाच इंच खोल, म्हणून भिडलं. पंख्याचं एक पातं अर्धं गेलं.

4 मार्च

आता फळी नीट मोजली. मोजायची पद्धत अशी: जिथं इंजिनाचा शिकंजा बसतो त्या वरच्या कडेपासून खाली बोटीच्या तळापर्यंत, मधोमध. मी मोजलं होतं बाहेरून, तिरक्या फळीवरून टेप सोडून, आणि वर काही वर्षांपूर्वी मीच ठोकलेला दोन इंची लाकडी ठोकळा धरून. ठोकळा कुजलेला, तो काढणारच होतो. खरं माप पंधरा इंच आणि सुतभर.

छोट्या आउटबोर्डचे पाय मुख्यतः दोन, आखूड 15 इंची आणि लांब 20 इंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली बसली पाहिजे. माझी पाच इंच खाली होती. वर असली तर पंखा हवा ओढतो, खाली असली तर नांगर ओढल्यासारखं होतं.

भाऊ म्हणाला फळीवर पाच इंचांचा ठोकळा लावू. लावता येतो. पण मग इंजिनाचा सगळा जोर त्या ठोकळ्याच्या टोकाला, कुजलेल्या फळीवर, आणि सुकाणूचा दांडा छातीला. नको.

गोव्याला दुसरी फेरी. विकणाऱ्यानं इंजिन परत घेतलं, बयाणा ठेवून घेतला, नवा पंखा माझ्या खर्चानं 3,800. त्याचं काहीच चुकलं नाही. येताना जेवण गप्प जेवलो.

9 ते 20 मार्च

कुजलेला ठोकळा काढला तेव्हा शिकंज्याच्या जुन्या बोल्टांच्या भोकांतून काळं पाणी आलं. हातोडीच्या दांड्यानं फळीवर टकटक केलं. कडेला टणक, मध्ये भद्द. फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि भोकांना नीट सील केलेलं नसलं की ते आतून कुजतं. बाहेरून चकचकीत. इथं नवं इंजिन टांगलं असतं तर एखाद्या रविवारी फळीसकट तळाला गेलं असतं.

आतून फायबर कापलं, कुजकं प्लाय खरवडून काढलं (दोन घमेली निघालं, वास शेणखताचा), चार दिवस उन्हात वाळवलं. अठरा मिलीमीटरच्या मरीन प्लायचे दोन थर, मध्ये रेझिन आणि फायबरची मॅट.

इथं एक दिवस वाया. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर एक ते दोन टक्के लागतो. मी झाकणानं मोजत होतो, बाटलीचं झाकण बदललंय हे ध्यानात न घेता. मग्यातलं अर्धा लिटर रेझिन सहा मिनिटांत जेली झालं, मग तापलं, मग धूर. मगा अंगणात फेकला, बायकोच्या तुळशीच्या अगदी जवळ. त्यानंतर इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजलं. अर्ध्या लिटरला साडेसात मिली, मार्चच्या उन्हात काम करायला वीसेक मिनिटं मिळतात. सकाळी आठच्या आत काम आटपा, बाराच्या उन्हात हात लावू नका.

मध्ये होळी. चौदा तारखेला रंगात कोण येणार फायबर घासायला.

प्लाय, रेझिन, मॅट, एका पोराची मजुरी: 9,650. बोल्टांची भोकं ह्यावेळी मोठी पाडून आधी रेझिननं भरली आणि मग त्यात पुन्हा लहान भोक पाडलं. आता पाणी आलं तरी लाकडाला भेटणार नाही.

23 मार्च, रविवार

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. ह्यावर सगळे भांडतात, म्हणून आम्ही कसं ठरवलं ते सांगतो.

आखूड पायाची दोन नवी इंजिनं समोर होती, दोन्ही टोहात्सू कंपनीची, दोन्ही 9.8 ची. फोर-स्ट्रोक 209 सीसी, वजन 37 किलो. टू-स्ट्रोक 169 सीसी, वजन 26 किलो. फोर-स्ट्रोक पेट्रोल बरंच कमी पितं, तेल मिसळायचं नाही, आवाज मऊ. शिवाय धूर नाही, आणि ह्याच पाण्याकाठी गावं राहतात, ही गोष्ट मला खरंच लागते. किंमतीत ऐंशी हजारांच्या वर फरक.

पण आमची बोट काठावर राहते आणि इंजिन दर वेळी काढून पाव्हण्यांच्या शेडमध्ये ठेवावं लागतं. पावसाळ्यानंतर शेड ते पाणी चाळीस पावलं. मे महिन्यात मात्र पाणी उतरतं आणि भेगाळलेला गाळ तुडवत दोनशे-अडीचशे पावलं जावं लागतं.

म्हणून दोन पोती घेतली. वाळू भरून काट्यावर एक 37 किलोचं, एक 26 चं. शेडपासून पाण्यापर्यंत आणि परत. 26 वालं मी एकटा खांद्यावर घेऊन गेलो, एकदा थांबलो. 37 वालं घेऊन दीडशे पावलांवर पाय गाळात रुतला आणि पोतं खाली. इंजिन असतं तर ते गाळात गेलं असतं. भाऊ पस्तिशीचा आहे, त्याला जमलं, पण तो म्हणाला, "दर रविवारी हे कोण करणार बे?"

आबा तिथंच होते. म्हणाले, "उचलता येईना ते इंजन घरातच ऱ्हातंय."

ज्यांची बोट ट्रॉलीवर आहे, इंजिन फळीवरच राहतं, त्यांनी बिनदिक्कत फोर-स्ट्रोक घ्यावं. आमचं टू-स्ट्रोक.

दुसरी तपासणी फोनवर केली. इम्पेलरचा संच, पंख्याचं सील, प्लग आजच्या आज कोण देतो? ज्या दुकानदारानं "मागवून देतो" म्हटलं त्याला सोडलं. ज्यानं "आहे, तीन पडून आहेत" म्हटलं त्याच्याकडनं इंजिन घेतलं.

30 मार्च, गुढीपाडवा

तिसरी फेरी करून काल इंजिन आणलं. हातात पडेपर्यंत 1,52,000. सकाळी गुढी, दुपारी इंजिनाला हळदीकुंकू, हार, नारळ. चारला पाण्यावर.

चालू होईना.

दोरी ओढून ओढून तिघांचे खांदे गेले. प्लग काढला, ठिणगी नाही. भावानं दुकानदाराला फोन लावायला घेतला. मग पाव्हण्यांच्या नववीतल्या पोरीनं विचारलं, "काका, हे लाल काय हाय?" माझ्या खिशातून लोंबत होती ती बंद करायची क्लिप. दोरीचं एक टोक मनगटाला आणि क्लिप इंजिनाच्या बटणात असली तरच ठिणगी मिळते. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, इंजिन बंद होतं. जुन्या इंजिनाची ही क्लिप कधीच हरवली होती, आम्ही ते बटणच निकामी करून टाकलं होतं. अकरा वर्षं चालवणारा पाण्यात पडला असता तर बोट त्याच्यावरून फिरून आली असती, हे त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात दुसरी अडचण. जुन्या टाकीच्या नळीचं टोक नव्या इंजिनाला बसत नाही. प्रत्येक कंपनीचं टोक वेगळं. त्या दिवशी अंधार झाला.

3 एप्रिल

नवी नळी, टोक, दाबायचा फुगा आणि मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर: 3,150. फुग्यावरचा बाण इंजिनाकडं पाहिजे. मी उलटा बसवला होता, दाबून दाबून फुगा कडक होईना तेव्हा दिसलं.

6 एप्रिल, रविवार

पहिले दहा तास तेल दुप्पट. नेहमी 50 ला 1, सुरुवातीला 25 ला 1. दहा लिटर पेट्रोलला 400 मिली. दहा तासांनंतर 200 मिली.

तेल कुठलं, हे महत्त्वाचं. अकरा वर्षं मी पेट्रोल पंपावरचं टूटी तेल घालत होतो, स्कूटरचं. ते हवेनं थंड होणाऱ्या, तापून चालणाऱ्या इंजिनासाठी. आउटबोर्ड पाण्यानं थंड होतं, त्याला बिनराखेचं टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलंच लागतं. जुन्या इंजिनाच्या रिंगा काळ्या दगडासारख्या का झाल्या होत्या, त्याचं हे एक कारण. चार लिटर 2,400 ला. महाग आहे, घ्या.

पेट्रोलबद्दल. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं. आउटबोर्डवाल्या कंपन्या दहा टक्क्यांपर्यंतचंच चालेल म्हणतात. गंमत अशी की ह्या जिल्ह्यातल्या उसाचंच इथेनॉल फिरून आमच्या कार्ब्युरेटरमध्ये येतं. ते हवेतला ओलावा धरतं आणि जास्त दिवस टाकीत राहिलं की पाणी घेऊन तळाला बसतं. पाण्याच्या काठावर तर विचारूच नका. जुन्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये पांढरी पूड सापडली होती ती बहुधा ह्याचीच. आमचा उपाय: शनिवारी रात्री लागेल तेवढंच पेट्रोल घ्यायचं, टाकी महिनाभर भरून ठेवायची नाही, आणि परतताना काठाजवळ नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. उरलेलं मोटारसायकलला जात नाही, त्यात तेल आहे. हे भाऊ विसरला होता. त्याची बुलेट आता धूर काढते.

आज अडीच तास, अर्ध्या वेगानं. धार जाड, सरळ. मी दर पाच मिनिटांनी मागं वळून बघतो.

13 एप्रिल, रविवार

मीटर अखेर आला, 1,450. प्लगच्या वायरला वळसे देऊन बांधायचा. पूर्ण खेचून पाहिलं, अर्धाच मिनिट: 8,800. माझ्या पोटात गोळा. इंजिन फुटायला आलं की काय म्हणून हात सोडला.

फुटायला आलं नव्हतं. मीटर फोर-स्ट्रोकच्या खुणेवर होता. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला एक, म्हणून आकडा दुप्पट. खरे 4,400. आणि हे कमी. तीन माणसं, बर्फाची पेटी, वर उंचीनं खाल्लेली ताकद, इंजिन गुदमरतंय. प्लगही काळे.

पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो पाण्यात जेवढा पुढं सरकेल ते अंतर, एक इंचानं कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेऱ्या वाढतात. कमी पिचचा मागवला, 6,200. पंधरा दिवस लागतील.

20 एप्रिल, रविवार

फळीला सरळ पट्टी लावून पाहिलं. आडवी पट्टी तळाच्या दीड सेंटीमीटर खाली. हवं तिथं.

तरी वेगात पुढचा भाग वर-खाली आपटत होता. इंजिनाच्या तिरकेपणाची पिन एक भोक आत घेतली, आपटणं थांबलं. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. आम्ही आधी अर्धा तास माणसांच्या जागा बदलत होतो.

शिकंज्याचे स्क्रू पहिल्या तासाभरात सैल झाले होते. आता शिकंज्याच्या खालच्या दोन भोकांतून आरपार बोल्ट आणि वर साखळी.

29 एप्रिल

पंखा आलाय, पण शहरात शिवजयंती. मेस्त्री मंडळात, त्यांचा पोरगा ढोलताशात. दुकानं रविवारनंतर.

4 मे, रविवार

पंखा आम्हीच बदलला. पिन, नट, वॉशर, दहा मिनिटं. दांड्याला ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी हातोडी लागते.

तीन माणसांना पूर्वी सोळा किलोमीटर, आता एकोणीस-वीस. फेऱ्या सव्वादोनशेनं वाढल्या. दोघंच असलो तर जुना पंखा जरा जास्त पळवतो, तेव्हा तो विकला नाही, शेडमध्ये टांगलाय. आवाज बदलला, इंजिन मोकळं झालं हे मीटर नसता तरी कळलं असतं.

11 मे, रविवार

दहा तास पूर्ण. गिअर तेल बदललं. खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. निघालेलं तेल काचेच्या ग्लासात उन्हात धरलं. थोडी चमक, नव्या गिअरची, ती असतेच. दूध नाही.

खर्च, सगळा: जुनं उघडणं 1,200, बयाणा 5,000, फुटलेला पंखा 3,800, गोव्याच्या तीन फेऱ्या 7,400, फळी 9,650, इंजिन 1,52,000, नळी-फिल्टर 3,150, मीटर 1,450, दुसरा पंखा 6,200, तेल 2,400, जादा इम्पेलरचा संच 2,900. बेरीज 1,95,150. जुनं इंजिन भागांसाठी 11,000 ला गेलं. टेप नीट धरला असता तर त्यातले तेरा-चौदा हजार आणि तीन रविवार वाचले असते.

जादा इम्पेलर प्लॅस्टिकच्या डब्यात घालून मधल्या फळीखाली चिकटवलाय, सोबत दहाचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर. पाणी फार उतरलंय, शेडपासून आज दोनशे बारा पावलं. इंजिन मी नेलं, एकदा थांबलो. येताना दीड किलोचा कटला भावाकडं होता आणि त्याची तक्रार होती की ओझं त्यालाच जास्त.

बांध जिथं आहेत तिथं आबांनी तेलाचे रिकामे पिवळे कॅन दोरीला बांधून सोडलेत. आमचेच कॅन.